विश्लेषण : दहा राग, तीन यंत्रे आणि मुखपृष्ठावरचे एक नाव, १९८२ च्या अल्बमचे राणीसावरगावला काय?

मुंबईतल्या एका वादकाने १९८२ मध्ये केलेला अल्बम जगाच्या कानावर पडायला अठ्ठावीस वर्षे लागली. आज त्याच अल्बमला ‘अ‍ॅसिड हाउस’ या पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा पूर्वज म्हटले जाते. अल्बम चरणजित सिंग यांचा. तो का विसरला गेला, पुन्हा कसा सापडला आणि गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात कीबोर्ड, ऑक्टोपॅड किंवा मोबाइलवर गाणी बनवणाऱ्या पोरांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

हा अल्बम नेमका कोणता?

नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्याकडच्या घराघरांत ‘एचएमव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने, त्याची तबकडी काढली. गायक नाही, शब्द नाहीत, तबला-सतारही नाही. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती ही एक बाजू. मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही दुसरी. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांत आटोपतो.

चरणजित सिंग हे शास्त्रीय मैफलींतले नाव नव्हते. ते हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार वाजवत, पुढे सिंथेसायझर वाजवू लागले. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. फिल्मी गाण्यांच्या निव्वळ वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्याही त्यांनी केल्या होत्या. रागांचा हा प्रयोग मात्र त्या सगळ्यांहून वेगळा होता.

ही तीन यंत्रे कोणती?

तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिले टीआर-८०८, म्हणजे ठेका धरणारे यंत्र. ते १९८० मध्ये बाजारात आले. दुसरे टीबी-३०३, १९८१ च्या अखेरीस आलेले, खर्जाचे सूर वाजवणारे छोटे यंत्र. तिसरा ज्युपिटर-८, एका वेळी आठ सूर वाजवू शकणारा मोठा सिंथेसायझर.

यातले ३०३ हे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. बेस गिटारवाला सोबत नसेल तेव्हा एकट्या वादकाने त्याच्या साथीने सराव करावा, हा त्यामागचा हेतू होता. पण त्यातून निघणारा आवाज गिटारसारखा येईना. सूर भरण्याची पद्धतही किचकट. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. एकूण दहा हजारांच्या आसपास यंत्रे बनली. पुढे ती जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या तरुणांच्या हाती पडली. ‘फ्युचर’ नावाच्या त्रिकुटाने या यंत्राच्या खुंट्या फिरवत ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हे ध्वनिमुद्रण केले. ते १९८७ मध्ये बाहेर आले आणि अ‍ॅसिड हाउस या प्रकाराचा जन्म तिथला मानला गेला.

मुंबईतल्या तबकडीवर तेच ३०३ आणि तोच ८०८ त्याआधी पाच वर्षे एकत्र वाजत होते. संगणक नव्हता. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी ‘मिडी’ ही सर्वमान्य पद्धत १९८३ मध्ये आली, म्हणजे तीही नव्हती. रोलँडच्या यंत्रांत ठेका जुळवून घेण्याची कंपनीची स्वतःची सोय होती, त्यावर सगळे उभे होते.

राग यंत्रावर उतरतो का?

उत्तर रागागणिक बदलते आणि अल्बम ऐकण्यातली मजा तिथेच आहे.

३०३ मध्ये सोळा पायऱ्यांची एक ओळ भरता येते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक पायरीवर एक सूर. एखाद्या सुरावर जोर देता येतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाता येते. हे घसरणे ऐकताना मींडेची आठवण होते. सोळा या आकड्यामुळे कोणाला त्रिताल आठवेल. पण यंत्राच्या सोळा पायऱ्या म्हणजे चार ठोक्यांचे चार-चार भाग. त्रितालातली खाली-भरीची जाण त्यात नाही. साम्य आकड्यापुरतेच आहे.

पाच सुरांचे राग या साच्यात छान बसतात. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी. सूर मोजके, त्यांच्यात अंतर भरपूर, त्यामुळे फिरत राहणारी ओळ ऐकताच राग ओळखू येतो. मालकंसात तर खर्जातले ३०३ त्या रागाच्या गांभीर्याला साथच देते.

भैरव आणि तोडीत मात्र मर्यादा दिसतात. भैरवातला कोमल ऋषभ आणि कोमल धैवत आंदोलित हवेत, एका जागी ठोकून चालत नाहीत. तोडीचा गंधार गवई पेटीवरच्या कोमल गंधाराहून जरा खाली लावतात. बारा ठरावीक पट्ट्यांच्या यंत्राला ही बारीक अंतरे ठाऊक नसतात. वर ज्युपिटरवर वाजणारी सुरावट सूर वाकवून ती उणीव काही प्रमाणात भरून काढते. खालची ओळ मात्र जिथल्या तिथे राहते. विलंबित आलापाला जागाच नाही, कारण ठेका थांबत नाही.

म्हणून हा अल्बम शास्त्रीय संगीताची तबकडी म्हणून मोजला तर कमी पडतो. डिस्को म्हणून मोजला तरी पडतो, कारण गुणगुणायला शब्द नाहीत. रागाचा सांगाडा यंत्राच्या आवर्तनात किती टिकतो, हे तपासून पाहणारा प्रयोग म्हणून ऐकला तर तो आजही ताजा वाटतो. माझ्या मते त्याची खरी जागा तीच.

मग तेव्हा कोणी विचारले का नाही?

काळ पाहा. १९८० मध्ये ‘कुर्बानी’तले नाझिया हसनचे गाणे गाजले. १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ आला, १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’. डिस्कोची लाट होती, पण ती गाण्यांची आणि पडद्यावरच्या नाचाची. तिकडे राग ऐकणाऱ्याला विजेवरचे वाद्य म्हणजे बाटवाबाटवी वाटायची. दोन्ही दुकानांत या तबकडीला फळी नव्हती. ती खपली नाही.

नव्या वाद्याला नाके मुरडणे आपल्याला नवे नाही. ज्या पेटीशिवाय आज गावातले भजन सुरू होत नाही, त्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती. परदेशी वाद्य, आपल्या श्रुती त्यात निघत नाहीत, हा आक्षेप. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. तोवर पेटी देवळात, तमाशात, संगीत नाटकात आणि शाळेत घरचीच झाली होती.

तो पुन्हा सापडला कसा?

एडो बाउमन या नेदरलँड्समधल्या संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात ही तबकडी मिळाली. त्यांनी चरणजित सिंग यांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छापाखाली अल्बम पुन्हा काढला. युरोपात तो ऐकून लोक चक्रावले. काहींना तर ही थापच वाटली. एखाद्या आजच्या इंग्रज कलाकाराने, बहुधा ‘एफेक्स ट्विन’ने, जुन्या भारतीय तबकडीचे सोंग आणले असावे, अशीही कुजबुज झाली. मुंबईतला वाद्यवृंदातला माणूस १९८२ मध्ये हे करू शकतो, यापेक्षा थाप पटायला सोपी होती.

पुढे सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी युरोपात जाऊन हे राग प्रत्यक्ष वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

‘जगात पहिला’ हा दावा किती खरा?

हा दावा जपून करावा. यंत्रे तीच, फिरत राहणारी ओळ तीच, आवाजही सारखा. म्हणून साम्य विलक्षण आहे. पण शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकून आपले संगीत बनवले, असे मानायला आधार नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन वेगळ्या गरजांसाठी वापरले गेले आणि आवाज जवळजवळ एकसारखा निघाला. मुंबईत हेतू रागाचा होता, शिकागोत नाचाचा.

भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवातही या तबकडीपासून होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवला गेला. गीता साराभाई आणि इतरांनी त्यावर केलेले प्रयोग फितींवर पडून होते. तेही परदेशात राहणाऱ्या संशोधकाने, पॉल पुरगस यांनी, उजेडात आणले. बंगळुरूत जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. तो आज गाण्याच्या शिकवणीपासून मोठ्या मैफलीपर्यंत सगळीकडे असतो.

‘आम्हीच पहिले’ या अभिमानात एक गोम आहे. पहिले असण्याचे प्रमाणपत्र युरोपातून आले तेव्हाच आपण त्या तबकडीवरची धूळ झटकली. दोन्ही वेळा आपल्या घरातली वस्तू बाहेरच्याने शोधून दिली. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. पण पुढच्या वेळी कोणी यायची वाट का पाहायची?

राणीसावरगावशी याचा संबंध काय?

राणीसावरगाव रेणुकामातेच्या देवस्थानासाठी ओळखले जाते. रेणुका आली की गोंधळ आला; संबळ, तुणतुणे, झांज आली. तालुक्याचे ठिकाण गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. म्हणजे देवीचे पद आणि जनाईची ओवी या दोन्ही परंपरा या परिसराच्या अंगणात आहेत.

आज त्याच परंपरेचे सूर यंत्रातून जातात. मराठवाड्यातली कुठलीही वरात, जागरण किंवा नवरात्रातली मिरवणूक पाहा. बँजो पार्टीत कीबोर्ड असतो, शेजारी आठ रबरी चौकटींचा ऑक्टोपॅड असतो. संबळाचा, हलगीचा, ढोलकीचा आवाज त्यात भरलेला असतो आणि काठीच्या एका टोल्यावर निघतो. हा ऑक्टोपॅड मूळचा रोलँडचाच, १९८५ मध्ये आलेला. ज्या कंपनीची यंत्रे वापरून मुंबईत दहा राग वाजले, तिच्याच वाद्यावर मराठवाड्यात देवीची गाणी वाजतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तर ठेका, खर्ज आणि सूर हे तिन्ही एका पडद्यावर मिळतात. चरणजित सिंग यांना ज्यासाठी तीन महागडी यंत्रे लागली, ते आज बारावीतल्या पोराच्या खिशात आहे.

फरक एका गोष्टीत आहे. त्या तबकडीच्या मुखपृष्ठावर वादकाचे नाव छापलेले होते, म्हणून वीस वर्षांनी एका अनोळखी माणसाला तो मुंबईत सापडला. चित्रपटाच्या गाण्यांत मात्र त्यांनी काय आणि किती वाजवले, हे आज नेमके सांगणे अवघड आहे, कारण त्या काळच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे असत, वाद्यवृंदातल्यांची नसत. आयुष्यभराच्या कामातले नावानिशी राहिलेले काम सापडले, बाकीचे इतरांच्या गाण्यांत विरघळले.

आता गावाकडचे चित्र पाहा. देवीचे नवे गाणे यू-ट्यूबवर येते. चॅनेलचे नाव मोठ्या अक्षरात, निर्मात्याचा फोटो, कधी गायकाचे नाव. कीबोर्ड कोणी वाजवला, ठेका कोणी बांधला, मिक्सिंग कोणी केले? बहुतेकदा काहीच लिहिलेले नसते. मानधन ठरते तोंडी, मिळते रोख आणि त्यानंतर गाण्याचा वादकाशी संबंध संपतो.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. परभणी जिल्ह्यातल्या बायाही त्यात आहेत. दळता दळता गायलेल्या ओवीला जर नाव-गाव मिळू शकते, तर स्टुडिओत दोन दिवस बसून बांधलेल्या ठेक्याला का नाही?

पण हा सगळा डीजेचा गोंगाटच नाही का?

ही तक्रार खरी आहे. मात्र तिचा रोख चुकतो. भिंती हादरवणाऱ्या आवाजाने म्हाताऱ्यांना, बाळांना, रुग्णांना त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंधने आहेत. ती पाळलीच पाहिजेत.

पण दोष डेसिबलचा आहे, कीबोर्डचा नाही. कर्णा लावून गायलेला अभंगही कान फोडू शकतो आणि हळू आवाजातला सिंथेसायझर मालकंस उभा करू शकतो. ‘डीजेचे संगीत म्हणजे संगीतच नाही’ असे गावातले जाणते म्हणू लागले की दोन गोष्टी होतात. पोरगा जाणत्यांकडे शिकायला जात नाही आणि जाणत्याकडची पदे, चाली त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. नुकसान दोघांचे. चरणजित सिंग यांना राग ठाऊक होते म्हणून त्यांच्या यंत्राला बोलण्यासारखे काही होते. राणीसावरगावातल्या पोराला गोंधळ्याने संबळाचे बोल समजावले, तर त्याच्या ऑक्टोपॅडमधून निघणारा संबळ कंपनीने भरून दिलेल्या आवाजापेक्षा नक्कीच वेगळा वाजेल.

कायदा वादकाच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी आहे. तो वापरला जात नाही, ही अडचण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलावंत’ या व्याख्येत वादक स्पष्टपणे येतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला, तसेच ‘हे मी वाजवले’ असे नावाने ओळखले जाण्याचा नैतिक हक्कही दिला.

त्याच दुरुस्तीत एक सावधगिरीची ओळही आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला बहुतांश हक्कांपुरते ‘कलावंत’ धरले जात नाही. म्हणजे नाव हा निव्वळ मानपानाचा विषय नाही, त्याच्याशी पैसा बांधलेला आहे.

आणखी तीन गोष्टी प्रत्येक नवोदिताने पाठ कराव्यात. एक, आपण रचलेल्या चालीवरचा हक्क ती लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवली की आपोआप तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, पुरावा म्हणून उपयोगी आहे. दोन, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो. तीन, अशा करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ‘एकदा दिले की कायमचे गेले’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. राग कोणाच्या मालकीचा नाही, पारंपरिक पदही नाही. पण दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण मालकीचे असते. १९८२ मध्ये बाहेर आलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांच्या हिशेबाने २०४२ अखेरपर्यंत टिकतो. फिल्मी गाणे उचलून त्याखाली आपला ठेका घालणाऱ्याने परवानगी घेतली नसेल, तर तक्रारीनंतर गाणे खाली उतरू शकते.

मग करायचे काय?

उपाय फार मोठे नाहीत. गाणे चढवताना वर्णनात प्रत्येकाचे नाव लिहावे : शब्द, चाल, गायन, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, गाव, साल. चाल पारंपरिक असेल तर कोणाकडून मिळाली तेही. कामाआधी एका कागदावर चार ओळींचा करार करून दोघांनी सह्या कराव्यात. मानधन किती, मुदत किती, पुढे पैसे आले तर वाटा किती. मूळ फाइल आपल्याजवळ ठेवावी, कारण मोबाइल बिघडला की काम आणि पुरावा दोन्ही जातात.

उत्सव समित्यांनी आणि देवस्थानांनीही एक करावे. वर्गणीच्या पत्रकावर देणगीदारांची नावे छापतो, त्यात वाजवणाऱ्यांचीही छापावीत. शाळांच्या स्नेहसंमेलनात तयार गाण्यावर नाच बसवतो, त्याऐवजी एखादे गाणे गावातल्या पोरांकडून बांधून घ्यावे आणि त्यांचे नाव माइकवरून घ्यावे.

चरणजित सिंग यांच्या तबकडीला उशिरा का होईना न्याय मिळाला, कारण कंपनीने ती छापली होती आणि त्यावर नाव होते. आज गाणी छापली जात नाहीत, ती चढवली जातात. उद्या चॅनेल बंद झाले की दिसेनाशी होतात. दुकानाच्या फळीवर वीस वर्षे पडून राहायचीही सोय त्यांना नाही. म्हणून नाव लिहायचे तर ते गाणे चढवतानाच लिहायला हवे.